कॅलिफोर्नियाचे पिनकोड आणि पेनकिलरची चिठ्ठी

शंभरातले ४४. कॅलिफोर्नियातल्या ज्या वस्त्या उत्पन्नात तळाला आहेत आणि जिथे गोऱ्यांचं प्रमाण सर्वांत जास्त आहे, तिथल्या इतक्या प्रौढांना २०११ ते २०१५ या काळात दरवर्षी ओपिऑइड पेनकिलरची निदान एक चिठ्ठी मिळत होती. दुसऱ्या टोकाला, म्हणजे उत्पन्न भरपूर आणि गोरे सर्वांत कमी अशा वस्त्यांत, हाच आकडा १६ होता. पंधरा वर्षांवरच्या सगळ्या रहिवाशांचा मिळून काढला तर २४ च्या आसपास. जोसेफ फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात हे छापलं. त्याच अभ्यासात दुसरं निरीक्षण आहे: या गोळ्यांच्या ओव्हरडोसचे बळीही मुख्यतः त्याच गरीब, गोऱ्या वस्त्यांत होते, आणि वंश-उत्पन्नाच्या या उतरंडीत दोन टोकांमधला फरक जवळजवळ दसपट होता.

ओपिऑइड म्हणजे अफूच्या कुळातली, किंवा शरीरात तिच्यासारखं काम करणारी औषधं. हायड्रोकोडोन, ऑक्सिकोडोन, मॉर्फिन ही त्यातली नेहमीची नावं. डोकं दुखलं म्हणून आपण घेतो त्या साध्या गोळ्या यात येत नाहीत.

व्यसन म्हटलं की आपल्या मनात एक साधं समीकरण तयार असतं: गरिबी आली की व्यसन आलंच. अमेरिकेतल्या गोऱ्या मध्यमवर्गाच्या मनात त्यात काळ्या वस्तीचं चित्रही मिसळलेलं असतं. कॅलिफोर्नियाच्या आकड्यांपुढे ही दोन्ही समीकरणं टिकत नाहीत. गरीब कृष्णवर्णीय आणि गरीब लॅटिनो (म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांच्या) वस्त्या त्या राज्यात काही कमी नाहीत, पण गोळ्यांचा पूर तिथे आला नाही. श्रीमंत गोऱ्यांच्या वस्त्यांतही तो एवढा चढला नाही. दोन गोष्टी एकत्र आल्या तिथेच तो चढला. त्या दोन गोष्टी एकत्र येऊन नेमकं काय करत होत्या, हे पाहण्यासाठी हे प्रकरण उलगडायचं.

नोंदवही आणि तिच्यात नसलेला रकाना

अभ्यासाचा कच्चा माल ‘क्युअर्स’ नावाच्या नोंदवहीतून आला. ती राज्याचा न्याय विभाग ठेवतो. नियंत्रित यादीतलं औषध मेडिकलच्या काउंटरवरून विकलं गेलं की त्याची नोंद तिथे पोचते. असं लक्ष ठेवण्याची पद्धत देशात सर्वांत जास्त काळ सलग चालली ती कॅलिफोर्नियात. १९३९ पासून तिथे ही पद्धत आहे. सुरुवातीला ती कागदी होती. डॉक्टरांना सरकारी छापाचं तीन प्रतींचं चिठ्ठीपुस्तक घ्यावं लागे. एक प्रत डॉक्टरांकडे राही, दोन मेडिकलवाल्याकडे जात आणि त्यातली एक तो सरकारला पाठवी. या भानगडीला ‘ट्रिप्लिकेट’ म्हणत. तिच्याकडे पुन्हा वळावं लागेल.

क्युअर्समध्ये रुग्णाचा वंश लिहिलेला नसतो. पत्ता मात्र असतो. म्हणून संशोधकांनी झिप कोड, म्हणजे आपला पिनकोड, हेच माप धरलं. १,७६० झिप कोड आणि त्यांत राहणारे सुमारे २ कोटी ९७ लाख लोक. प्रत्येक भागाचं उत्पन्न आणि तिथल्या गोऱ्यांचं प्रमाण जनगणना खात्याच्या पाहणीतून घेतलं.

इथे आकडेशास्त्राचा जाणकार हात वर करील. ज्या ४४ जणांना चिठ्ठी मिळाली ते सगळे स्वतः गोरे आणि गरीब होते, असं यातून सिद्ध होत नाही. हिशेब वस्तीचा आहे, माणसाचा नाही. आक्षेप रास्तच आहे. पण या विषयात वस्तीचं माप मला अगदीच गैरलागू वाटत नाही, कारण या गोळ्या ज्याच्या नावाने निघतात त्याच्याच पोटात जातात असं नाही. २०१५ च्या राष्ट्रीय पाहणीत अमेरिकेतल्या सुमारे १ कोटी १५ लाख प्रौढांनी मागच्या वर्षभरात ओपिऑइड गोळ्यांचा गैरवापर केल्याचं सांगितलं. गैरवापर म्हणजे चिठ्ठीशिवाय घेणं, किंवा सांगितल्यापेक्षा जास्त, जास्त वेळा, जास्त दिवस घेणं. त्यांतल्या सुमारे ४१ टक्के लोकांना शेवटची गोळी नातेवाइकाने किंवा मित्राने फुकट दिली होती. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनानंतर उरलेली बाटली बाथरूमच्या कपाटात राहते आणि पाठ धरलेला मुलगा त्यातून दोन गोळ्या काढतो. वस्तीत चिठ्ठ्या जास्त, तर अशी कपाटंही जास्त.

त्याच पाहणीतली आणखी एक गोष्ट अशी की गैरवापर करणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांनी मुख्य कारण सांगितलं ते अंगदुखी. नशा नव्हे. विमा नसलेले, नोकरी नसलेले, कमी उत्पन्नाचे आणि मानसिक त्रास असलेले लोक त्यांत तुलनेने जास्त होते.

कोणाचं दुखणं खरं मानायचं

आधी वंशाकडे बघू. याची मुळं ऑक्सिकॉन्टिन ही ऑक्सिकोडोनची गाजलेली गोळी बाजारात येण्याच्या आधीची आहेत.

१९९३ साली लॉस एंजेलिसमधल्या एका विद्यापीठ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातली कागदपत्रं तपासली गेली. हाताचं किंवा पायाचं लांब हाड मोडून आलेले रुग्ण. हाड मोडलेलं एक्स-रेमध्ये सरळ दिसतं, त्यात ‘खरंच दुखतंय का’ हा प्रश्नच नसतो. तरीही लॅटिनो रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना वेदनेवर कुठलंही औषध मिळालं नव्हतं. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के. सात वर्षांनी अटलांटात तशीच तपासणी झाली. तिथे गोऱ्यांपैकी ७४ टक्क्यांना औषध मिळालं, कृष्णवर्णीयांपैकी ५७ टक्क्यांना.

पुढे देशभरातल्या तातडीच्या विभागांचे १९९३ ते २००५ चे आकडे एकत्र केले गेले. वेदनेची तक्रार घेऊन आलेल्या गोऱ्यांना ३१ टक्के वेळा ओपिऑइड मिळालं, कृष्णवर्णीयांना २३, लॅटिनोंना २४, आशियाई आणि इतरांना २८. त्या तेरा वर्षांत एकूण चिठ्ठ्या २३ टक्क्यांवरून ३७ वर गेल्या, पण वंशांमधली दरी काही बुजली नाही. सगळ्यांचं पाणी वाढलं, पातळ्यांमधलं अंतर तसंच राहिलं.

डॉक्टरांच्या डोक्यात काय चालतं याचा थोडा अंदाज २०१६ सालच्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अभ्यासातून येतो. गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांना शरीराविषयीचं निदान एक खोटं विधान खरं वाटत होतं; त्यांतलं एक म्हणजे काळ्यांची कातडी गोऱ्यांपेक्षा जाड असते. ज्यांना असं वाटत होतं ते काळ्या रुग्णाची वेदना कमी लेखत होते. ही अडाणी माणसांची नव्हे, शिकून दवाखान्यात बसणाऱ्यांची गोष्ट आहे.

आणि चिठ्ठी मिळाली तरी गोळी मिळेलच असं नव्हतं. २००० साली न्यूयॉर्क शहरातली मेडिकल तपासली तेव्हा बहुसंख्य गोऱ्या वस्त्यांतल्या ७२ टक्के दुकानांत तीव्र वेदनेवरच्या ओपिऑइडचा पुरेसा साठा होता. बहुसंख्य गोऱ्येतर वस्त्यांत २५ टक्के दुकानांत. कर्करोगाचा रुग्ण चिठ्ठी घेऊन चार दुकानं फिरायचा, आणि ‘आम्ही ते ठेवत नाही’ हे ऐकून परतायचा.

आता या पार्श्वभूमीवर १९९६ साल ठेवा. परड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं. गोळी हळूहळू विरघळत असल्यामुळे तिचा गैरवापर कमी होईल असं मानलं जातं, असा मजकूर तिच्या मान्यताप्राप्त माहितीपत्रकात होता. कंपनीच्या प्रतिनिधींकडे कोणता डॉक्टर किती पेनकिलर लिहितो याची माहिती असे, आणि जे आधीच भरपूर लिहीत होते त्यांच्याकडे फेऱ्या जास्त होत. जोडीला १९८० सालचं एका वैद्यकीय नियतकालिकातलं पाच वाक्यांचं पत्र होतं: रुग्णालयात दाखल असताना ओपिऑइड दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी चौघांनाच व्यसन लागल्याचं दिसलं. दाखल रुग्णांबद्दलचं ते टिपण घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांसाठी पुरावा म्हणून वापरलं गेलं. १९९६ मध्ये ४ कोटी ८० लाख डॉलरची विक्री २००० पर्यंत १ अब्ज १० कोटींच्या घरात गेली. २००७ साली कंपनीने औषधाबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला आणि कंपनी व तिचे तीन अधिकारी मिळून ६३ कोटी डॉलरहून जास्त दंड भरला.

म्हणजे लाट आली ती डॉक्टरच्या पेनातून. आणि ते पेन कोणासमोर सहज उघडतं हे आधीच ठरलेलं होतं. ज्याचं दुखणं खरं मानलं जात होतं तो बुडाला, आणि ज्याचं खोटं मानलं जात होतं तो काठावर राहिला. भेदभावाने काळ्यांना आणि लॅटिनोंना काही काळ वाचवलं, असं म्हणणारे संशोधक आहेत. आकड्यांच्या भाषेत ते बरोबर आहे. पण मोडलेलं हाड घेऊन गोळीशिवाय घरी गेलेल्या माणसाला कोणी विचारावं, बाबा रे, तू वाचलास का?

मग श्रीमंत गोरे कसे सुटले?

गोऱ्या रंगाने दार उघडलं हे खरं मानलं, तर बेव्हर्ली हिल्ससारख्या ठिकाणी सर्वांत जास्त चिठ्ठ्या निघायला हव्या होत्या. तसं झालं नाही. इथे उत्पन्न येतं, आणि ते जरा आडवळणाने येतं.

कॅलिफोर्निया म्हटलं की आपल्याला समुद्रकिनारा आणि सिलिकॉन व्हॅली आठवते. राज्याचा उत्तर भाग निराळा आहे. शास्ता, लेक, ट्रिनिटी हे जिल्हे डोंगराळ, विरळ वस्तीचे, बहुतांशी गोरे, आणि चिठ्ठ्यांच्या दरात राज्यात वरच्या रांगेत राहिलेले. त्यांतल्या जंगलपट्ट्यात लाकूडतोड आणि लाकडाच्या गिरण्या हाच मोठा रोजगार होता. १९९० साली तिथल्या ठिपकेदार घुबडाला संरक्षण मिळालं, सरकारी जंगलातली तोड आवळली गेली, आणि आधीच खंगत चाललेल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या.

अशा गावातला पन्नाशीचा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. वीस वर्षं ओंडके ओढून कंबर गेलेली. आता नोकरी नाही, गरिबांसाठीचा सरकारी विमा आहे, कॅलिफोर्नियात त्याला मेडी-कॅल म्हणतात. त्याला खरं म्हणजे हवी आहे फिजिओथेरपी, आठवड्यातून दोनदा, काही महिने. मेडी-कॅल घेणारा फिजिओथेरपिस्ट जवळपास नाही. दूरच्या गावात आहे, तर पेट्रोलचे पैसे नाहीत. मानसोपचार हा तर विषयच नको. गावात एकच दवाखाना, डॉक्टरकडे रांग, प्रत्येकाला जेमतेम पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत डॉक्टर जे करू शकतो आणि विमा ज्याचे पैसे विनातक्रार देतो अशी एकच गोष्ट आहे: महिन्याच्या हायड्रोकोडोनची चिठ्ठी. पुढच्या महिन्यात परत तेच.

त्याच वयाचा, तसाच गोरा, पण सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या उपनगरातला वकील. त्याचीही कंबर धरते. त्याला एमआरआय मिळतो, फिजिओ मिळते, हवं तर ॲक्युपंक्चर आणि महिनाभर घरून काम. गोळी त्यालाही लिहून मिळते, पण त्याच्या हातातला तो एकमेव उपाय नसतो.

कमी उत्पन्नाने लोक वाया गेले असं सांगणाऱ्यांशी माझं इथेच पटत नाही. उत्पन्नाने स्वभाव बदलला नाही, उपचारांची यादी आखूड केली.

त्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्याने २००४ ते २००७ या काळातले पेनकिलर-ओव्हरडोसचे मृत्यू तपासले होते. मरणाऱ्यांपैकी ४५ टक्के सरकारी गरीब-विम्यावरचे होते. त्यांचा धोका इतरांच्या ५.७ पट निघाला. अर्थात अपंग, दीर्घ आजारी, मानसिक विकार असलेले लोक याच विम्यावर मोठ्या संख्येने असतात. विम्याच्या कार्डाने माणूस मेला असं म्हणता येणार नाही. पण त्या कार्डाने काय मिळतं आणि काय मिळत नाही याचा वाटा त्यात आहेच.

कागदाच्या तीन प्रती

कॅलिफोर्नियाच्या प्रकरणात एक गोष्ट फारशी कोणी पुढे आणत नाही. ऑक्सिकॉन्टिन आलं तेव्हा ट्रिप्लिकेटचा नियम असलेली पाच राज्यं होती: कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सास, इलिनॉय आणि आयडाहो. तीन प्रतींच्या कटकटीमुळे डॉक्टर ते औषध लिहायला कचरतात हे कंपनीला स्वतःच्या पाहणीतून कळलं होतं, म्हणून तिथे जाहिरातीचा जोर कमी ठेवला गेला. पुढे नियम बदलले तरी या राज्यांत ओव्हरडोसचे मृत्यू इतरांच्या मानाने कितीतरी कमी वेगाने वाढले, असं अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. बाबूगिरीच्या एका कागदाने माणसं वाचवल्याची उदाहरणं फार नसतात, हे त्यांतलं एक.

असं असूनही त्याच राज्यात ४४ आणि १६ ची दरी कशी? एक कारण मला औषधांच्या वर्गवारीत दिसतं. ट्रिप्लिकेट लागायचं ते केंद्राच्या दुसऱ्या, म्हणजे जास्त कडक अनुसूचीतल्या औषधांना, म्हणजे ऑक्सिकोडोन, मॉर्फिन वगैरे. हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी, व्हायकोडिन किंवा नॉर्को या नावांनी विकली जाणारी, तिसऱ्या अनुसूचीत होती. साधी चिठ्ठी चालायची, फोनवर सांगितलं तरी चालायचं, पुन्हा भरून घेण्याचीही सोय होती. केंद्राने ती दुसऱ्या अनुसूचीत टाकली ऑक्टोबर २०१४ मध्ये. तोवर अभ्यासाच्या पाच वर्षांपैकी जवळपास चार उलटली होती. पुढचं दार कुलूपबंद आणि मागचं सताड उघडं, असा तो प्रकार.

दुसऱ्या टोकाला कोण राहतं

मराठी वाचकाला यात आपला संबंध काय असं वाटत असेल, तर १६ टक्क्यांच्या टोकाकडे बघा. उत्पन्न भरपूर, गोरे कमी. क्युपर्टिनोसारख्या गावांचं वर्णन असंच होतं: बहुसंख्य आशियाई, उत्पन्न चढं, आणि त्यांत पुण्या-मुंबईहून गेलेली घरंही. तिथे चिठ्ठ्या कमी निघाल्या त्याची कारणं मिसळलेली असावीत. तरुण वय, बैठी कामं, चांगला विमा, ‘गोळ्या नकोत, सहन करीन’ ही घरातून आलेली सवय, आणि शिवाय आशियाई रुग्णाला गोऱ्यापेक्षा कमी गोळ्या देण्याचा तोच जुना कल. यांतलं किती कशामुळे हे झिप कोड सांगू शकत नाही. म्हणून ‘आपले लोक संस्कारी, व्यसनाला बळी पडत नाहीत’ असा निष्कर्ष कोणी दिवाळी स्नेहसंमेलनात काढला, तर त्याला या तक्त्याचा आधार नाही.

गोळी डॉक्टरच्या हातून सुटल्यावर

देशभर ओपिऑइडच्या चिठ्ठ्यांनी २०१२ मध्ये शिखर गाठलं: सुमारे साडेपंचवीस कोटी, दर शंभर माणसांमागे ८१. मग ओहोटी लागली. २०१६ मध्ये सीडीसीची, म्हणजे केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेची, मार्गदर्शक सूत्रं आली. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०१८ पासून असं औषध लिहिण्याआधी क्युअर्स पाहणं डॉक्टरांवर बंधनकारक झालं. २०२० पर्यंत चिठ्ठ्या दर शंभर माणसांमागे ४३ वर आल्या. वर्षानुवर्षं गोळ्यांवर असलेल्या काहींच्या गोळ्या एकाएकी तोडल्या गेल्या. त्यातून होणाऱ्या हालांबद्दल आणि आत्महत्यांबद्दल एफडीए या केंद्राच्या औषध-नियामक संस्थेला २०१९ मध्ये इशारा द्यावा लागला.

पण तोवर रस्त्यावर हेरॉइन आणि पाठोपाठ फेंटॅनिल हे अतितीव्र कृत्रिम ओपिऑइड आलं होतं. त्याला चिठ्ठी लागत नाही. डॉक्टर कोणावर विश्वास ठेवतो याला तिथे काही किंमत नाही. २०२० साली कृष्णवर्णीयांचा ओव्हरडोस-मृत्युदर लाखामागे ३६.८ झाला आणि १९९९ नंतर प्रथमच गोऱ्यांच्या ३१.६ च्या वर गेला. अमेरिकेतल्या मूलनिवासींचा त्याहून वर, ४१.४. हे आकडे मांडणाऱ्यांत कॅलिफोर्नियाचा अभ्यास करणारे फ्रीडमनच होते, सोबत हेलेना हॅन्सन. वीस वर्षं जे ‘संरक्षण’ म्हणून सांगितलं गेलं ते एवढ्याच काळापुरतं होतं.

दवाखान्यातली जुनी दरी मात्र मिटलेली नाही. ३१० आरोग्यसंस्थांच्या २०१६-१७ च्या नोंदी तपासल्या तेव्हा एकाच संस्थेत जाणाऱ्या गोऱ्या आणि काळ्या रुग्णांना ओपिऑइड मिळण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. वर्षभरातला डोस मात्र काळ्यांचा सरासरी ३६ टक्क्यांनी कमी.

उपचारात तर उत्पन्न आणि वंश पुन्हा हातात हात घालून आले. व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन हे औषध २००० सालच्या कायद्यानंतर साध्या दवाखान्यातून देता येऊ लागलं. रोज पहाटे क्लिनिकसमोर रांगेत उभं राहून मेथाडोन हे व्यसनावरचं जुनं औषध प्यायची गरज उरली नाही. २०१२ ते २०१५ या काळात हे औषध लिहिलं गेलं अशा भेटी गोऱ्या रुग्णांच्या सुमारे १ कोटी २७ लाख, कृष्णवर्णीयांच्या ३ लाख ६३ हजार. पस्तीस पटींचा फरक. पैसे भरणारे बहुतेक रोखीने किंवा खासगी विम्याने. म्हणजे शास्ता जिल्ह्यातला तो कंबर गेलेला मेडी-कॅलवाला गोरा माणूसही या रांगेत मागेच उभा होता. औषध लिहिण्यासाठी डॉक्टरला लागणारा खास परवाना केंद्राने २०२२ च्या डिसेंबरमध्ये कायद्याने रद्द केला. गरीब-विम्याचे रुग्ण घ्यायचे की नाहीत, हे मात्र अजूनही ज्या त्या डॉक्टरच्या मर्जीवर आहे.